मातीतला वायू: प्रोबला ऑक्सिजन सेन्सर जोडल्यावर

मंडळी, मातीतला वायू खेचून मोजणाऱ्या आमच्या प्रोबला (जमिनीत रोवलेल्या नळीला) अखेर ऑक्सिजन सेन्सर बसला. जमिनीत खोल सोडलेला कार्बन डायऑक्साइड वर गळतोय का, हे नुसत्या त्याच्या आकड्यावरून ओळखता येत नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय.

कॅनडातल्या वेबर्नचंच घ्या. तिथल्या तेलक्षेत्रात 2000 पासून सुमारे दीड किलोमीटर खोल कार्बन डायऑक्साइड सोडतात. जवळच्या एका शेताच्या मातीत तो 11 टक्क्यांपर्यंत भरला आणि 2011 मध्ये गळतीचा बोभाटा झाला. टेक्सास विद्यापीठाच्या कॅथरीन रोमानॅक यांनी वायूंची आपसातली प्रमाणं तपासली, तेव्हा तो मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनाचा निघाला. रेडिओकार्बनचाही कौल तोच. खाली सोडलेला वायू कोळशापासूनचा; कोळसा इतका जुना की त्यात कार्बन-14 हा किरणोत्सर्गी कार्बन उरलेलाच नसतो. शेतातल्या वायूत तो होता.

हिशेब सोपा आहे. श्वसनात जेवढा ऑक्सिजन खर्च होतो, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून दोघांची बेरीज हवेतल्या ऑक्सिजनएवढी, म्हणजे 21 टक्क्यांच्या आसपास राहते. खालून वायू घुसला तर तो सगळ्यांनाच बाजूला सारतो. दहा टक्के घुसला तरी ऑक्सिजन 19 च्या जवळच राहील, पण बेरीज 29 वर जाईल आणि नायट्रोजन घटेल.

आता आमचं परभणीजवळचं रान. प्रोब मीटरभर खोल, तळाशी बारीक खडी, वर बेंटोनाइटचा (ओलीनं फुगणाऱ्या चिकणमातीचा) बूच. वायू सिलिका जेलमधून कोरडा करूनच सेन्सरकडे नेतो, आणि दर वेळी आधी उघड्या हवेत ऑक्सिजन सेन्सर 20.9 टक्क्यांवर लावून घेतो. उन्हाळ्यात भेगांमधून हवा थेट आत उतरत होती: कार्बन डायऑक्साइड 0.6 टक्के, ऑक्सिजन 20.2 टक्के. मृगाच्या पावसानं भेगा मिटल्या आणि आकडे 3.4 आणि 16.6 झाले. पहिला आकडा जवळपास सहापट, पण बेरीज 20 वर उतरली! गळती असती तर ती चढायला हवी होती. आमच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे भरपूर आहेत. ओल मिळाली की थोडा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून चुनखडीशी अभिक्रिया करतो, हे माझ्या मते त्याचं कारण.

पुढचा टप्पा: सोडा-सिलिंडरमधून बांधाच्या कोपऱ्यात हळूहळू वायू सोडायचा आणि बेरीज 21 ओलांडते का ते बघायचं. मुरमाड जमिनीवर कुणी प्रोब लावला असेल, तर दोन्ही आकडे एकाच वेळेचे द्या. चुनखडीचा अंदाज त्यावरून पडताळता येईल.