अँटिगनी, तालीम २३ : मातीचा प्रश्न सुटला

काल नागपुरात धंतोलीच्या गच्चीवर पहिल्यांदाच अख्खी एकांकिका न थांबता झाली. ३४ मिनिटं लागली, मर्यादा ३० ची आहे. महोत्सवाला १९ दिवस उरलेत, चार मिनिटं कापू. आधी मातीबद्दल लिहितो, कारण मागचे दहा दिवस त्यातच गेले.

ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं हे नाटक इ.स.पू. ४४१ च्या सुमाराचं. अँटिगनीचे दोन भाऊ एकमेकांच्या हातून मरतात. थेब्ज नगरीचा राजा क्रेऑन एकाला सन्मानानं पुरतो आणि दुसऱ्याला उघड्यावर टाकायचा हुकूम काढतो. अँटिगनी त्याला खड्ड्यात पुरत नाही, अंगावर धुळीचा पातळ थर टाकते एवढंच. मराठीत याला शब्द तयारच आहे, मूठमाती. आमची गोष्ट खाणीच्या गावातल्या संपाची आहे, एक भाऊ संपात, दुसरा पहाऱ्यावर. घर प्रेत पुरणाऱ्या, माती देणाऱ्या समाजातलं. त्यामुळे सगळा प्रयोग त्या एका मुठीवर उभा आहे आणि ती मूठ मागच्या रांगेपर्यंत दिसायलाच हवी.

काळी माती आणली तर ढेकळं पडायची आणि अंधारात दिसायची नाहीत. बारीक कुटली तर अँटिगनीची बहीण इस्मेनी करणारीला ठसका लागायचा. रांगोळी छान चमकली, पण ती रांगोळीच वाटली, शिवाय पाय घसरले. शेवटी मुरूम दोनदा चाळला, त्यात थोडी काळी माती मिसळली आणि दिवा समोरून काढून विंगेतून आडवा लावला. आता मूठ उघडली की मातीची धार हवेतच दिसते. खाली ताडपत्री आहे. प्रवेश संपला की कोरसचे, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या गटातले, दोघं तिची चार टोकं धरून प्रेतासारखी उचलून नेतात. रंगमंच झाडायचा वेळ वाचला आणि एक चित्रही मिळालं.

दुसरा शोध अँटिगनी करणारीचा. क्रेऑन हा अँटिगनीचा मामा, आणि त्याच्याच मुलाशी तिचं लग्न ठरलेलं. आमच्याकडे सुना सासऱ्यालाही मामाजीच म्हणतात. हुकूम मोडल्यावर ती समोर उभी राहून फक्त "मामाजी" म्हणते आणि थांबते. मी तिथे आठ ओळींचं भाषण लिहिलं होतं. ते काढलं.

सोफोक्लीसच्या कोरसमध्ये १५ जण असत, थेब्जचे वयस्क नागरिक. आमच्याकडे पाच, पानठेल्यावर उभे राहणारे. "आपल्याले का करा लागते?" हे त्यांचं पालुपद, दरवेळी थोडं हळू होत जाणारं. त्यांतला एकजण गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाचा, लहानपणापासून झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, रात्र-रात्रभर चालणारी नाटकं पाहिलेला. माइकशिवाय आवाज कसा फेकायचा हे आम्ही त्याच्याकडून शिकतोय. पोटातून, हनुवटी वर न करता.

अडलंय ते शेवटाशी. क्रेऑननं अँटिगनीला गुहेत कोंडलेलं असतं. अंध भविष्यवेत्ता टायरेसियसनं बजावल्यावर तो नमतो. कोरस सांगतो, आधी पोरीला सोडव, मग त्याला माती दे. क्रेऑन उलटं करतो. आधी प्रेताकडे जातो आणि गुहेत पोचेपर्यंत तिनं गळफास घेतलेला असतो. माझ्या मते सगळी शोकांतिका या क्रमात आहे. चुकलेला माणूस चूक दुरुस्त करायलाच निघतो, फक्त आधी मेलेल्याकडे जातो. मूळ नाटकात हे दूत येऊन सांगतो, आणि तो निवेदनाचा तुकडाच आमची चार मिनिटं खातोय. दूत काढला तर क्रम हरवतो.

उद्या एक करून बघणार आहोत. क्रेऑन ताडपत्रीकडे चालत जाईल, गुडघ्यावर बसेल आणि माती देईल, सावकाश, तीन मुठी. पलीकडच्या कोपऱ्यात अँटिगनीवरचा उजेड प्रत्येक मुठीला कमी होत जाईल. कोरस गप्प. तिसऱ्या मुठीला दिवा बंद.

दिवा कोणी सांभाळायचा ते ठरलंय. मुठी किती वेळाच्या घ्यायच्या, ते उद्या घड्याळ लावून बघू.