बांधावरचा बुंधा आणि तणनाशकाचा ब्रश

झाड तोडून झालं की तासगाव-मिरज पट्ट्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पुन्हा फुटू नये म्हणून आता बुंध्यात काय ओतू?" बऱ्याचदा काहीच ओतायची गरज नसते. नारळ किंवा शिंदीचा शेंडा गेला की ते झाड संपलं. वेडी बाभूळ फुटते ती जमिनीलगतच्या गाठीतून; वीतभर खोल उकरून त्या गाठीच्या खाली मुळ्या तोडल्या की औषधाचा खर्च वाचतो. जागा मोकळी असेल आणि जेसीबी आत येत असेल, तर बुंधा उपटून काढण्यासारखं दुसरं काही नाही. पण सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांची गोष्ट वेगळी. आज कापा, महिन्याभरात झुबक्याने धुमारे हजर. औषधाचा विचार करायचा तो अशा झाडांसाठी.

त्याआधी कागद. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, मोह ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. बांध तुमचा असला तरी तोडायला परवानगी लागते. शहरी भागात १९७५ चा कायदा लागतो, आणि त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हीसुद्धा तोडच धरली आहे. 'रात्री औषध घालू, आपोआप वाळलं म्हणू' हा हिशेब तिथे चालत नाही.

औषधांत पहिलं नाव ग्लायफोसेट ४१ टक्के एसएल, म्हणजे पाण्यात विरघळणारं तणनाशक. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. इतर अनेक देशांच्या नियामकांचं मत तसं नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरखेरीज कुणी वापरायचं नाही. म्हणजे दुकानात डबा दिसला तरी नियमाचा रस्ता परवानाधारक ऑपरेटरकडूनच जातो. तो आला की मात्र शेजारी उभं राहून पाहा, कारण पंपाने सगळीकडे फवारायची सवय सहज सुटत नाही.

बुंध्याला फवारा लागतच नाही, ब्रश लागतो. जमिनीपासून ५ ते १० सेंमीवर सपाट काप घ्यायचा आणि भुसा झटकायचा. औषध लावायचं ते सालीच्या आतल्या ओल्या थरावर आणि त्याला लागून असलेल्या कडेच्या ३ सेंमी लाकडावर. मधला गाभा मेलेलाच असतो, तिथे ओतलेलं वाया जातं. ३० सेंमी व्यासाच्या बुंध्याला १५-२० मिली निव्वळ औषध पुरतं. लिटरभर ओतणारा फक्त माती खराब करतो. काप घेतल्यापासून १० मिनिटांच्या आत ब्रश फिरला पाहिजे. तोडणारा एक आणि लावणारा दुसरा, अशी जोडी लागते ती यासाठीच. काप कालचा असेल तर पुन्हा एक चकती उतरवा.

वेळ दिवाळी ते माघ. चैत्र पालवीच्या सुमारास रस वर चढत असतो, तेव्हा औषध मुळांकडे उतरत नाही. पावसाचं लक्षण असेल तर थांबा, निदान सहा तास कोरडे हवेत. शेजारी त्याच जातीचं ठेवायचं झाड असेल तर औषध नकोच. जमिनीखाली मुळं एकमेकांना जुळलेली असू शकतात आणि औषध त्यांतून तिकडे पोचतं.

सुबाभळीवर ग्लायफोसेट जरा कमी चालतं, त्यामुळे थोडे धुमारे येणार हे धरून चाला. ते लगेच कापू नका. गुडघ्याएवढे होऊ द्या, मग लिटरला १० ते १५ मिली औषध घेऊन पानांना पुसा. इथे पाणी महत्त्वाचं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम ग्लायफोसेटला बांधून ठेवतं, गढूळ पाण्यातली मातीही तेच करते. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. नसेल तर लिटरला २० ग्रॅम अमोनियम सल्फेट आधी विरघळवा, औषध नंतर. मिश्रण प्लास्टिकच्या बादलीत करा. जस्ताच्या बादलीशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो.

डिझेलमध्ये ग्लायफोसेट मिसळायचा सल्ला सर्रास मिळतो. ते पाण्यात विरघळणारं औषध आहे, डिझेलमध्ये नुसतं तळाला बसतं. डिझेलमध्ये मिसळतं ते टू-फोर-डी या दुसऱ्या तणनाशकाचं एस्टर (तेलात मिसळणारं रूप), आणि द्राक्षपट्ट्यात त्याचं नाव काढू नये. उन्हात त्याची वाफ होते, ब्रशने लावलं तरी होते. बुंधा मारायचा हंगाम आणि द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतरची (घडांसाठीच्या छाटणीनंतरची) कोवळी फूट एकाच काळात येतात. वाफ लागलेल्या वेलीची पानं अरुंद होतात, कडा दातेरी आणि शिरा पंख्याच्या काड्यांसारख्या जवळजवळ. शेजाऱ्याशी भांडणाला एवढं पुरे. पॅराक्वाट हे तणनाशक पान जाळतं, मुळात उतरत नाही, म्हणून बुंध्याला निरुपयोगी. शिवाय पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. मिठाने माती जाते. भोक पाडून हिंग भरायचा उपाय पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो, पण त्यापेक्षा हिंग फोडणीत गेलेला बरा.

हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्या. उरलेलं औषध थंडपेयाच्या बाटलीत कधीच ठेवू नका. ब्रश आणि डबा ओढ्यात किंवा कृष्णेच्या काठी धुऊ नका. औषधाला चिकटपणा यावा म्हणून घातलेला साबणासारखा पदार्थ माशांना ग्लायफोसेटपेक्षाही जास्त घातक असू शकतो. रिकामा डबा तीनदा विसळून भोक पाडून ठेवा. कुणाच्या पोटात गेलं तर उलटी काढत बसू नका, १०८ ला फोन करा आणि डबा लेबलसकट दवाखान्यात न्या.

राहिला विहिरीच्या कड्यातला पिंपळ. मूळ दगडांच्या सांध्यात, खाली पिण्याचं पाणी. तिथे औषध नाहीच. रोप बोटाएवढं असतानाच पहारीने सांधा मोकळा करून मुळासकट ओढायचं आणि सांधा चुन्याने भरायचा. मनगटाएवढं झालं असेल तर गवंडी बोलवा. तेवढे दगड उतरवून, मूळ काढून, पुन्हा बसवावे लागतील.