माक-३ नव्या विंडोजवर: अडचण पोर्टची आहे

जुन्या सीएनसी राउटरचं (संगणकावरून चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्राचं) माक-३ हे कंट्रोल सॉफ्टवेअर विंडोज १०च्या ६४-बिट मशीनवर उघडतं, पण मोटर हलत नाही. त्याचा पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरचा पोर्ट) ड्रायव्हर फक्त ३२-बिट विंडोजवर चालतो. यूएसबी-टू-पॅरलल केबलवर पैसे घालवू नका; ती प्रिंटरसाठी असते, मोटर हलवणाऱ्या पल्सचं टायमिंग तिला जमत नाही.

त्याऐवजी इथरनेट मोशन कंट्रोलर घ्या, म्हणजे नेटवर्क केबलने जोडायचं, पल्स स्वतः तयार करणारं कार्ड. आधी माक-३च्या फोल्डरमधली प्रोफाइलची एक्सएमएल फाइल पेनड्राइव्हवर काढा, सगळं ट्यूनिंग तिच्यात असतं. नव्या मशीनवर माक-३ इन्स्टॉल करताना पॅरलल ड्रायव्हरची टिक काढा, कंट्रोलरचं प्लगइन टाका, पिन नंबर तपासा.

स्टेप्सही पडताळा: फेऱ्याला २०० स्टेपची मोटर, १० मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १० भाग), ५ मिमी पिचचा (फेऱ्याला ५ मिमी सरकणारा) स्क्रू थेट जोडलेला, म्हणजे मिलिमीटरला २०० × १० ÷ ५ = ४०० स्टेप्स. स्पिंडल बंद ठेवून पहिली चाचणी इमर्जन्सी स्टॉपचीच घ्या.