सत्तावन्नांचे पंचेचाळीस

मार्च २०१८ च्या अखेरीस एका संध्याकाळी आमच्या गल्लीतील एक वयस्कर गृहस्थ उमेदवारी अर्ज घेऊन दारात उभे राहिले. इंग्लंडमध्ये डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीला अनामत रक्कम भरावी लागत नाही. त्या वेळी प्रभागातील दहा मतदारांच्या सह्या लागत आणि प्रत्येक सहीसमोर मतदारयादीतील क्रमांक लिहावा लागे. गृहस्थांचा आधीचा अर्ज वाया गेला होता. त्यांना नेहमी सही देणारे बोर्न गावातील एक स्नेही नव्या प्रभागरचनेत शेजारच्या प्रभागात गेले होते, आणि ते लक्षात येईपर्यंत सही करून झाली होती. म्हणून नवा कागद, नव्या सह्या, आणि त्यांतील एक माझी. माझा पासपोर्ट भारताचा असला तरी येथे रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकाला मतदानाचा हक्क आहे, त्यामुळे माझी सही चालत होती. मात्र यादीतील माझाही क्रमांक बदलला होता आणि तो शोधण्यात आमची दहा मिनिटे गेली.

हे सारे साउथ केंब्रिजशायरमधले. केंब्रिज शहराला चहूबाजूंनी वेढणारा हा जिल्हा १९७४ मध्ये दोन ग्रामीण कौन्सिले एकत्र करून तयार झाला. ‘जिल्हा’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषद येते, पण ती तुलना फसवी आहे. रस्ते, शाळा आणि वृद्धांची देखभाल पाहणारी काउंटी कौन्सिल ही खरी आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळची. डिस्ट्रिक्ट कौन्सिल तिच्या खालच्या पायरीवर, साधारण पंचायत समितीच्या जागी. तिच्याकडे कचरा, घरे आणि मुख्य म्हणजे बांधकाम परवानग्या.

नव्या रचनेची बातमी पुण्याला फोनवर सांगितली तेव्हा दादाने पहिला प्रश्न विचारला, “कुणाला पाडायला केली?” महाराष्ट्रात प्रभाग ‘फोडणे’ हे क्रियापद ज्याने लहानपणापासून ऐकले आहे, त्याला दुसरा प्रश्न सुचणारच नाही. मी त्याला सांगितले ते असे. येथे हे काम सत्ताधाऱ्यांकडे नसते. २०१० पासून संसदेला जबाबदार असलेला एक स्वतंत्र आयोग ते करतो. एखाद्या कौन्सिलच्या तीस टक्क्यांहून अधिक प्रभागांत दर सदस्यामागील मतदारसंख्या सरासरीपासून दहा टक्क्यांपेक्षा जास्त ढळली, किंवा एकाच प्रभागात ती तीस टक्क्यांहून अधिक ढळली, की तेथील रचना फेरविचाराला घेतली जाते. आधी सदस्यसंख्या ठरते आणि मग रेषा आखल्या जातात. त्या आखताना मतदारांची समानता, वस्त्यांची ओळख आणि कारभाराची सोय ही तीन सूत्रे पाळायची असतात, आणि आजच्या मतदारांबरोबर पाच वर्षांनंतरचा अंदाजही धरायचा असतो. प्रारूप नकाशा, हरकती व सूचना, अंतिम नकाशा हा क्रम मात्र आपल्याला अगदी ओळखीचा वाटेल.

आमच्याकडे समतोल ढळायला कारण उघड होते. कॅम्बोर्न हे गाव १९९८ मध्ये शेतजमिनीवर बांधायला सुरुवात झालेले. त्याचे नावही केंब्रिज आणि बोर्न यांना जोडून केलेले. शेजारचे बोर्न त्याच्यापुढे चिमुकले, तरी २०१८ पर्यंत कॅम्बोर्न ‘बोर्न’ नावाच्याच प्रभागात मोडत असे. नव्या नकाशात त्याला स्वतःच्या नावाचा, तीन सदस्यांचा प्रभाग मिळाला. एकूण सदस्य ५७ वरून ४५ वर आले आणि प्रभाग २६ झाले. त्याआधी वर्षभर काउंटी कौन्सिलच्याही सीमा बदलून तिचे सदस्य ६९ वरून ६१ झाले होते, त्यामुळे दोन वर्षांत दोन नकाशे आणि दोन्हींच्या रेषा निराळ्या. त्या वसंतात मी बोललेल्यांपैकी निम्म्या लोकांना आपला सदस्य कोण हे सांगता येत नव्हते, आणि त्यात त्यांचा फारसा दोष होता असे मला वाटत नाही.

३ मे रोजी, गुरुवारी, मी मतदानाला गेलो. मतदान सकाळी सात ते रात्री दहा. नाव आणि पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात. ओळखपत्राची सक्ती येथे २०२३ मध्ये आली, तेव्हा नव्हती. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. लाकडी आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि नावासमोर मारायची ती फुली. आपल्याकडे फुली मारली म्हणजे नाव कटाप. येथे तीच पसंतीची खूण. पुण्यातील चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक जागेची यादी वेगळी आणि प्रत्येक यादीत एक मत असते. येथे आमच्या तीन सदस्यांच्या प्रभागात सगळ्यांची एकच यादी, आडनावाच्या वर्णानुक्रमाने, आणि तीनपर्यंत फुल्या. पहिले तीन निवडून येतात. एकाच पक्षाला तिन्ही मते देणारे पुष्कळ, त्यामुळे थोड्याशा आघाडीवरही तिन्ही जागा एका झोळीत पडू शकतात. मी सही दिलेल्या गृहस्थांना एक फुली दिली, आणखी एकाला दिली, तिसरी दिलीच नाही.

निकाल लागला तेव्हा लिबरल डेमोक्रॅटांना ४५ पैकी ३० जागा मिळाल्या होत्या, हुजूर पक्षाला ११, मजूर पक्षाला २ आणि अपक्षांना २. आदल्या कौन्सिलमध्ये हुजूर पक्षाचे स्पष्ट बहुमत होते. दादाचा लगेच फोन: “बघ, मी काय म्हणत होतो!”

पण माझ्या मते दोष रेषांचा नव्हता, वेळापत्रकाचा होता, आणि तिकडे फार कमी लोकांनी लक्ष दिले. तोपर्यंत आमच्याकडे दर वर्षी एक तृतीयांश जागांची निवडणूक होई: २०१४, २०१५, २०१६, आणि चौथ्या वर्षी काउंटीची. या पद्धतीत एखाद्या वर्षी सत्ताधाऱ्यांना लोकांचा राग सोसावा लागला तरी उरलेले दोन तृतीयांश सदस्य आपल्या जागी असतात, आणि वर्षभरात वारा फिरूही शकतो. २०१८ मध्ये हा बांध काढला गेला. २०१६ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आलेल्यांचीही मुदत दोन वर्षांत संपली आणि सगळ्या जागा एकाच दिवशी मतदारांपुढे आल्या. गंमत अशी की दर चार वर्षांनी एकदम निवडणूक घेण्याचा ठराव कौन्सिललाच, तोही दोन तृतीयांश मतांनी, करावा लागतो. म्हणजे हुजूर पक्षाच्या बहुमताखेरीज तो झालाच नसता.

वारा तर होताच. २०१६ च्या सार्वमतात या जिल्ह्याने साठ टक्के मतांनी युरोपीय संघात राहण्याची बाजू घेतली होती. शिवाय जिल्ह्याचा विकास आराखडा मार्च २०१४ मध्ये तपासणीला गेला तो थेट सप्टेंबर २०१८ मध्ये मंजूर झाला. मधल्या काळात पुढील पाच वर्षांच्या घरांसाठी पुरेशी जमीन कौन्सिलला दाखवता येईना, तेव्हा विकासक आराखड्याबाहेरच्या शेतांवर अर्ज टाकू लागले आणि गावागावांत संताप साचला. तुकड्यातुकड्याने मतदान झाले असते तर यातील काही राग मधेच विरला असता, असे मला आजही वाटते. अर्थात २०२२ मध्ये, त्याच रेषांत, लिबरल डेमोक्रॅट ३७ वर गेले आणि हुजूर पक्ष ८ वर आला, तेव्हा दादाने तो विषय सोडून दिला.

आता तो नकाशाही फार दिवसांचा सोबती नाही. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट या दोन पायऱ्या मोडून जागोजागी एकच कौन्सिल आणण्याचे सरकारने डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत जाहीर केले आहे. आमचे गृहस्थ हे ऐकून एवढेच म्हणाले की पुढच्या वेळी ते आधी यादी पाहतील आणि मगच बोर्नला चहाला जातील.