वर्गोन्नत

मराठवाड्यात शाळेचं वर्ष १ मेला संपतं. सकाळी झेंडावंदन, मग पटांगणातल्या लिंबाखाली निकालाचं वाचन, हातात प्रगतीपुस्तक आणि घराकडे धूम. ऊन चढायच्या आत सगळं उरकलेलं असतं. २०२१ साली मात्र कोरोनामुळे पहिली ते चौथीचं वर्ष संपणार कसं, ते सुरूच झालं नव्हतं. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारीला उघडले आणि दुसरी लाट चढू लागली तशी बऱ्याच गावांत त्यांना पुन्हा कुलपं लागली. एप्रिलच्या सुरुवातीला परीक्षेविना सगळ्यांना वरच्या वर्गात घालायचं ठरलं. लोकांना वाटलं, गुरुजींचं काम हलकं झालं. पण न भरलेल्या शाळेचा निकाल लावणं हे भरलेल्या शाळेच्या निकालापेक्षा किचकट काम आहे.

आकारिक मूल्यमापनाचं घ्या. वर्षभरातल्या तोंडी कामाचे, स्वाध्यायाचे, उपक्रमांचे हे गुण. पहिली-दुसरीला ते ७० पैकी, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. उरलेले गुण संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे, आणि तीच झाली नाही. तेव्हा ज्यांचं आकारिक झालंय त्यांच्या गुणांचं शंभरात रूपांतर करून श्रेणी द्यायची. पाचवीच्या लेकराला ५० पैकी ३८ असतील तर दुप्पट ७६, म्हणजे ब-१. इथवर सोपं. घोटाळा होतो तो सातवीत. संगणकावरचा तोच दुपटीचा तक्ता खाली ओढला की ४० पैकी ३१ चे ६२ होतात आणि ब-२ छापली जाते. गुणायचं असतं अडीचनं. येतात साडेसत्याहत्तर, श्रेणी ब-१. संगणकाचा यात काही दोष नाही. त्याला कुठं माहीत की वर्ग बदलला. म्हणून प्रत्येक वर्गाचा तक्ता वेगळा ठेवायचा आणि पहिल्या तीन नावांचं गणित कागदावर करून पाहायचं.

ज्यांचं काहीच होऊ शकलं नाही, त्यांच्या पुस्तकावर शेरा आला: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६ नुसार वर्गोन्नत. शब्द सरकारी आहे, जिभेवर बसत नाही. आजीनं विचारलं, ‘पास झालं का लेकरू?’ तर ‘वर्गोन्नत झालं’ हे काही उत्तर होत नाही. तरी तो शब्द ‘उत्तीर्ण’पेक्षा खरा वाटतो. लेकरू वरच्या वर्गात गेलं, एवढंच तो सांगतो. त्याला काय आलं याबद्दल अवाक्षर काढत नाही.

खरी कसोटी लागते वर्णनात्मक नोंदींत. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, असे हे रकाने. तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतच असतात. त्यातून उतरवलं की अख्खा वर्ग ‘सुंदर हस्ताक्षर काढतो’ आणि ‘वर्गकार्यात सहभागी होतो’. कुठला वर्ग? त्या वर्षी नोंद घ्यायची तर ती ओट्यावरून, पारावरून, गृहभेटीतून आणि फोनवरच्या आवाजी संदेशातूनच मिळणार होती. ‘शेळ्या राखताना पाढे म्हणून पाठवतो, सतराच्या पाढ्यात अडखळतो.’ ‘धाकट्या भावाला मुळाक्षरे गिरवायला लावते.’ अशा दोन ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात, पण त्यासाठी आधी लेकरू दिसावं लागतं. ज्यांच्या घरी साधा फोन, तोही बापाबरोबर शेतात, त्यांचे रकाने कोरे राहायचे. ऊसतोडीला गेलेल्यांचे तर हमखास.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र कोरं ठेवायची सोय नाही. तिथं ‘वर्तणूक’ असा रकाना असतोच. वर्षभर ज्याला कुणी वर्गात पाहिलं नाही, त्याची वर्तणूक ‘चांगली’. खोडी काढायला बाकच नव्हता, तेव्हा तेही खोटं म्हणता येत नाही.

दहावीच्या लेकरांचं आदल्या वर्षी वेगळंच झालं होतं. २३ मार्च २०२० चा भूगोलाचा शेवटचा पेपर आधी पुढे गेला, मग रद्दच झाला, आणि त्याचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीतून आले. शेवटचा पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर जो गलका व्हायचा, त्याची सरासरी कुणी काढली नाही.

ही प्रगतीपुस्तकं वाटायची कशी, तर पोषण आहाराच्या तांदळाबरोबर, पालकांना बोलावून. पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम, पुढे आठवीपर्यंत १५०. पन्नास दिवसांचा तांदूळ असेल तर धाकट्याला पाच किलो, थोरल्याला साडेसात. एका घरची दोन लेकरं असली की साडेबारा किलो एकदम. पालक आणतात दोन किलोची पिशवी. आधीच्या निरोपात ‘गोणी आणा’ एवढं लिहिलं तरी निम्मा खोळंबा वाचतो. अंतरासाठी पटांगणात गोल आखायचे. कबड्डीच्या मैदानाची कोरडी फक्की टाकली तर एप्रिलची पहिली वावटळ ती घेऊन जाते आणि दहाच्या सुमारास सगळे पुन्हा एकमेकांना खेटून उभे. चुना कालवून ब्रशनं ओढलेला गोल आठवडाभर टिकतो. लिंबाच्या सावलीतले गोल आधी भरतात, उन्हातले रिकामेच राहतात, हेही धरून चालायचं.

यात सॅनिटायझरचा एक त्रास कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यातल्या अल्कोहोलनं बॉलपेनची शाई आणि शिक्क्याची शाई, दोन्ही विरघळतात. ओल्या हातानं पुस्तक घेतलं की श्रेणी पसरते, मुख्याध्यापकांची सही फुटते आणि गोल शिक्क्याचा जांभळा ढग होतो. हातावर घेतल्यावर तो पूर्ण वाळू द्यायचा, मगच कागद द्यायचा. त्यापेक्षा बरं म्हणजे दारात साबण आणि पाण्याची बादली. पण एप्रिलात आपल्याकडे बादलीभर पाण्याचाही विचार करावा लागतो.

२०२० मध्ये ज्या शाळांत पुण्या-मुंबईहून आलेल्यांचं विलगीकरण झालं, तिथं हायपोक्लोराइट फवारून गेलेले असायचे. ते पुसून न घेतल्यानं बाकांचे लोखंडी पाय गंजले आणि भिंतीवरची बाराखडी फिकी पडली. कपाटातल्या पुस्तकांना वाळवी लागली ती वेगळीच. भिंतीपासून वीतभर सरकवून विटांवर ठेवलेली कपाटं तेवढी वाचली.

वाटप झालं तरी काही प्रगतीपुस्तकं उरतातच. ज्यांचे आईबाप अजून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आहेत, त्यांची. ती सुतळीनं बांधून, वर नावांची चिठ्ठी लावून वरच्या खणात ठेवायची. त्या प्रत्येक पुस्तकाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: पुढील वर्षी शाळा सुरू दि. आणि पुढे मोकळी जागा. दरसाल तिथं डोळे झाकून १५ जून लिहिलं जायचं, शाईनं. त्या वर्षी पुष्कळ गुरुजींनी ती तारीख शिसपेन्सिलीनं लिहिली.