शातोनफ-द्यु-पापचे मळे

आज फ्रान्समधल्या आविन्याँहून शातोनफ-द्यु-पाप या वाइनच्या गावाला जाऊन आलो. इथल्या कितीतरी मळ्यांत माती दिसतच नाही, नुसते ऱ्होन नदीने घासून गोल केलेले गोटे! दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. ग्रेनाश या जातीच्या द्राक्षवेली बुटक्या, ना मांडव ना तारा. मिस्त्राल वारा इतका सुसाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पण पावसानंतर हाच वारा ओले घड वाळवतो, बुरशी धरू देत नाही. त्याच्याबद्दल आदरच वाटला.

इथल्या रेड वाइनमध्ये बहुतेक वेळा द्राक्षांच्या अनेक जाती एकत्र येतात. ग्रेनाश पिकल्या फळाची चव आणि भरदारपणा देतं, सिरा रंग आणि मिरीचा झणका, मूर्वेद्र कणखरपणा. वाइन मात्र ड्राय, म्हणजे गोड नसलेली. द्राक्षं हातानेच तोडायची, यंत्राला बंदी. हा नियम मला मनापासून पटला.

गावाच्या माथ्यावर १४व्या शतकातला पोपचा किल्ला आहे. तो आधीच पडीक होता; १९४४ साली जर्मन सैन्याने त्याचा उरलेला बुरूजही सुरुंगाने अर्धा उडवला, आता थोडाच भाग उरलाय. बघून वाईट वाटलं.

नाशिकच्या बागायतदार मित्रांनो, जमलं तर सप्टेंबरात या. तेव्हा इथे तोडणी चालू असते.