अर्धा मिलिमीटर सरकलेली रेघ

बेळगावात आषाढ लागला की इपॉक्सी, म्हणजे आमचं चिकटवायचं रसायन, रुसते. हवा वीस-एकवीस अंशांवर, भिंतींना ओल, आणि पाकिटावर छापलेले २४ तास असतात ते २५ अंशांच्या हिशेबाने. म्हणून उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपात प्लायवुडची एक लांबट पेटी केली आहे, आत ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब. गोल्फ स्टिकचा शाफ्ट (दांडा) आणि हेड (चेंडूला लागणारं डोकं) यांचा जोड त्यात रात्रभर ठेवायचा. शिवाय प्रत्येक वेळी कालवलेल्या इपॉक्सीचा एक ठिपका पुठ्ठ्यावर लावून तो पुठ्ठाही पेटीत ठेवायचा. सकाळी त्यावर नख दाबायचं. नख उमटलं तर जोडाला हात लावायचा नाही.

त्या दिवशी काम होतं एका निवृत्त सुभेदारांच्या ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या स्टिकचं. सुभेदारांचं वय ६८, स्विंगचा वेग ताशी ८२ मैलांच्या आसपास. स्टिकला शाफ्ट मात्र एस, म्हणजे स्टिफ. वजन ६६ ग्रॅम. चेंडू खालून जायचा आणि उजवीकडे पडायचा. एवढ्या वेगाला तो शाफ्ट वाकतच नव्हता. त्यांनी पुण्याहून तीन लवचिक शाफ्ट मागवले होते: दोन आर, एक ए. ए म्हणजे सीनियर. एल, ए, आर, एस, एक्स हा क्रम मऊपासून कडकपर्यंत जातो, पण कोणत्या अक्षराला किती कडकपणा याचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं मोजमाप नाही. एकाचा आर दुसऱ्याचा ए असू शकतो. त्यामुळे अक्षर वाचायचं आणि बाजूला ठेवायचं.

आधी मोजणी. बटाकडची, म्हणजे मुठीच्या टोकाची, ५ इंच बाजू बेंचव्हाइसमध्ये पकडायची (शेजारच्या लेथवर ॲल्युमिनियमचे व्ही ब्लॉक करून घेतलेत, नुसत्या जबड्यात ग्रेफाइटचा शाफ्ट चिरडतो), टोकाला २०० ग्रॅमचं हेड, लांबी ४५ इंच, आणि टोक ओढून सोडायचं. मिनिटाला किती हेलकावे होतात ते सेन्सर मोजतो. जुना एस निघाला २६१. पहिला आर २४९. दुसऱ्या कंपनीचा आर २३९. आणि ए २३६! म्हणजे दुसरा आर नावालाच आर, अंगाने ए. वजनं अनुक्रमे ५७, ५४ आणि ४८ ग्रॅम. मोजताना लांबीची फसवणूक फार होते: अर्धा इंच कापला की चारेक हेलकावे वाढतात. तिन्ही सारख्या लांबीचे नसतील तर तुलना करूच नये.

सुभेदारसाहेबांनी ए हातात धरून हलवला. "काय ओ मिस्त्री, ही तर वेताची छडी हाय की!" दुकानात हलवून शाफ्ट कळत नाही. तरी प्रत्येकजण हलवतोच.

अक्षरांवर कागद गुंडाळून तिघांना रंग दिले: ५७ ग्रॅमचा पांढरा, ५४ चा निळा, ४८ चा हिरवा. कोणता कुठला हे त्यांना सांगितलं नाही. ग्रिप तिन्हींवर एकाच जातीची, मागच्या अंगाला उंच धार असलेली, कारण त्यांची बोटं वर्षानुवर्षं त्या धारेवर बसलेली. ग्रिप बदलली की शाफ्टची चाचणी उरत नाही, ग्रिपची होते. हेड एकच ठेवून शाफ्ट बदलता यावेत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला हेडच्या कंपनीची स्लीव्ह, म्हणजे हेडात स्क्रूने कसायची नळी, चिकटवली. एका कंपनीची स्लीव्ह दुसरीच्या हेडात बसत नाही. हेड कसायला टॉर्क पाना, ४० इंच-पाउंडला कट् आवाज देतो. त्यापुढे एक धागाही पिळायचा नाही. आणि चिकटवून झाल्यावर फेरूलपासून (जोडावरच्या कड्यापासून) शाफ्टवर पांढऱ्या पेन्सिलीची एक सरळ बारीक रेघ. ही रेघ मारायला दोन सेकंद लागतात.

सकाळी पुठ्ठ्यावरचे तिन्ही ठिपके काचेसारखे कडक. पावसाने उघडीप दिली तसे कॅम्पाजवळच्या मैदानावर गेलो. जमीन भिजलेली, चेंडू पडला तिथेच रुततो, म्हणून घरंगळणं सोडून फक्त हवेतलं अंतर धरायचं ठरलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, हवा थोडी विरळ, त्यामुळे इथला आकडा कोकणात मिळायचा नाही. दर चेंडूला हेडचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारं तोंड, टॉवेलने पुसायचा. पाण्याचा पापुद्रा राहिला तर चेंडू कसाही निसटतो. पाच-पाच चेंडूंचे हप्ते: पांढरा, निळा, हिरवा, मग उलट क्रमाने परत. एकाच शाफ्टचे दहा सलग मारले तर शेवटच्या शाफ्टच्या वाट्याला दमलेले हात येतात.

जुन्या एसवर सरासरी १६० यार्ड. पांढऱ्यावर १७०, थोडा उजवीकडे. निळ्याच्या पहिल्या पाचांत १७७ ते १८१, आणि सगळे जवळपास मधोमध. हिरवा उंच उडाला, पण डावीकडे पंधरा यार्ड. तो हलका आणि पिळालाही मऊ. हात खाली येईपर्यंत हेड पुढे निघून तोंड मिटायचं.

दुसऱ्या फेरीत हिरव्याने तेच केलं. मग निळा. पहिला उजवीकडे दहा यार्ड. दुसरा पंधरा. चौथा तर कडेच्या गवतात, आणि अंतर १६३. बरोबरच्या मंडळींनी निकाल देऊन टाकला: शाफ्ट जास्त मऊ झाला, हाताला सापडेना, पांढराच घ्या.

हे पटण्यासारखं नव्हतं. मऊ शाफ्टचा दोष उंच आणि डावा असतो. शेजारी तेवढाच मऊ हिरवा इमानेइतबारे डावीकडे जातोय आणि हा उजवीकडे? सुभेदारसाहेबच पुटपुटले, "तोंड सरळ ठेवलं की धार बोटाला सरकल्यागत लागायलीय ओ." स्टिक घेऊन फेरूल डोळ्याजवळ नेलं. पेन्सिलीची रेघ तुटली होती. वरचा तुकडा आणि खालचा तुकडा यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण शाफ्टचं टोक ०.३३५ इंचांचं, साडेआठ मिलिमीटर, परीघ पावणेसत्तावीस. त्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ७ अंश. चेंडू फेसच्या टोकाकडे लागला की दर फटक्याला हेड किंचित उघडत होतं आणि तसंच राहत होतं. हाताची सवय धारेवर, डोळ्याची फेसवर. दोघांच्या ओढाताणीत चेंडू उजवीकडे.

पहिला संशय अर्थातच पावसाळी इपॉक्सीवर. पण ठिपका कडक होता, आणि त्याच कालवणातले पांढरा-हिरवा जागचे हलले नव्हते. परत येऊन स्लीव्ह काढली. हीट गन फिरवत धरायची, एका जागी नाही. इपॉक्सी सैल पडेल इतकीच ऊब, जास्त झाली तर शाफ्टमधलं रेझिनच जळतं. मग पुलरने सरळ ओढायचं. स्टीलचा शाफ्ट पिळून काढता येतो. ग्रेफाइट पिळला की टोकाचे धागे उभे फाटतात.

स्लीव्हच्या आत इपॉक्सीची नळी शाबूत होती, आणि तिच्या आतल्या अंगाला राखाडी कातडं. तो शाफ्टचा रंग. इपॉक्सीने रंगाला घट्ट धरलं होतं, रंगाने शाफ्ट सोडला. हा शाफ्ट मुळात मॅट, कोळशाच्या रंगाचा. चिकटवण्याआधी टोकावरचा रंग काढायला २२० नंबरचा पेपर फिरवल्यावर घासलेला रंग हुबेहूब उघड्या ग्रेफाइटसारखा दिसला. चूक आमच्याच बाकावरची. चकचकीत लाल शाफ्टवर ती झालीच नसती. आता असा शाफ्ट आला की भुकटी बघतो: रंगाची राखाडी पडते, ग्रेफाइटची काळी कुळकुळीत. काळी पडली की तिथेच थांबायचं, पुढे धागे जातात. मग ॲसिटोनचं फडकं.

निळा पुन्हा चिकटवला, पेटीत ठेवला, तिसऱ्या दिवशी परत मैदानावर. दहा चेंडू, १७६ ते १८१, सगळे आठ यार्डांच्या पट्ट्यात, रेघ अखंड. जुन्यापेक्षा शाफ्ट १२ ग्रॅमने हलका असल्याने स्विंग वेट (फिरवताना हेडचा भार हाताला किती लागतो त्याचं माप) डी २ वरून डी १ च्याही खाली आलं होतं; हेडच्या तळाला ३ ग्रॅम शिशाची पट्टी लावून ते जागेवर आणलं. त्याने हेलकावे २३९ चे २३७ झाले, तेवढं चालतं.

कागद सोडून अक्षर दाखवलं तेव्हा सुभेदारसाहेबांचा चेहरा खुलला. आर! ए नव्हे. २३७ चा आकडा सांगून बघितला, तो त्यांनी ऐकलाही नाही. फक्त एवढंच म्हणाले, "मग ते अक्षर वरच्या अंगाला येईल असं बसवायला पायजे होतं की ओ." स्लीव्ह परत तापवायला मी तयार नव्हतो.